‘उद्या काढून ये’

आमच्या शाळेच्या शिस्तीच्या नियमांत नखांविषयी एकच ओळ आहे, आणि ती मी कित्येक वर्षे प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवीत आले आहे : ‘नखे कापलेली व स्वच्छ असावीत.’ नियम योग्य आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु अलीकडे या ओळीत मावणार नाही अशी एक वस्तू आमच्या मुलींच्या बोटांवर दिसू लागली आहे. ती म्हणजे पार्लरमध्ये बसवून घेतलेली, किंवा घरीच गोंदाने चिकटवलेली, कृत्रिम नखे. ही नखे आखूड कापली तरी बोटावरून जात नाहीत. आणि ओढून काढावीत तर बोटाचे खरे नख त्यांच्याबरोबर सोलून येते.

ही नखे घालावीत की घालू नयेत, हा वाद मी येथे उपस्थित करणार नाही. त्यावर आमच्या शिक्षककक्षात यथेच्छ बोलणे होते आणि ते बहुधा चहा संपला की संपते. माझे म्हणणे एवढेच आहे, की जो वडीलधारा माणूस मुलीस ही नखे काढण्याची आज्ञा करतो, त्याने ती कशी काढावयाची हे आधी जाणून घेतले पाहिजे आणि त्यासाठी लागणारा अवधी तिला दिला पाहिजे. हे मत मला एका मुलीच्या बोटांना झालेल्या इजेतून मिळाले, आणि त्या इजेत माझा वाटा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरच्या अखेरीस दहावीतील एक विद्यार्थिनी मामेबहिणीचे लग्न आटोपून शाळेत आली. तिच्या तळहातांवरील मेंदी अद्याप उतरली नव्हती, आणि बोटांच्या टोकांना फिकट गुलाबी रंगाची, चांगली अर्धा इंच लांब नखे होती. तिला तासाला उभे करून मी म्हणाले, ‘उद्या काढून ये. उद्या ही नखे हातावर दिसता कामा नयेत.’ ती ‘होय बाई’ म्हणाली आणि खाली बसली. यापेक्षा अधिक काही बोलण्यास मी तिला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नखे हातावर नव्हती. नियम पाळला गेला म्हणून मी मनात समाधान मानले. मधल्या सुट्टीनंतर फळ्यावरील उतारा मुली उतरवून घेत होत्या, तेव्हा ही मुलगी लेखणी तर्जनी आणि मधले बोट यांच्या मध्ये अडकवून, अंगठा बाजूस काढून, विचित्र रीतीने लिहीत आहे असे माझ्या दृष्टीस पडले. मी हात दाखविण्यास सांगितले. तिने तो दाखविला नाही. मी दोनदा सांगितल्यावर दाखविला. उजव्या अंगठ्याचे नख अर्ध्यावर फाटून त्याखालचे लाल मांस उघडे पडले होते. दुसऱ्या तीन बोटांची नखे होती खरी, पण कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. आतील गुलाबी रंग त्यांतून आरपार दिसत होता. ज्या पार्लरमध्ये ती बसविली, ते तिच्या गावापासून बसने तासाभराच्या अंतरावर; शिवाय काढण्याचे पैसे वेगळे पडतात, आणि ते वडिलांजवळ मागण्याचे धैर्य तिला झाले नाही. तेव्हा रात्री सर्व मंडळी निजल्यावर तिने स्टीलच्या पट्टीची कड त्या नखांखाली सारली, जी पट्टीने निघाली नाहीत ती दातांनी ओढली, आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडात ओढणीचा बोळा धरला. हे सारे तिच्या आईने मला आठवड्यानंतर सांगितले. लेकीला मिरची चिरता येत नाही, लिंबू पिळता येत नाही, कढत पाण्यात हात घालता येत नाही, असे सांगताना त्या बाईच्या स्वरात माझ्याविषयी रोष नव्हता. आणि त्यामुळे मला अधिकच ओशाळवाणे वाटले. पूर्वपरीक्षा तेव्हा अवघ्या काही आठवड्यांवर आली होती.

मी तिला एक प्रश्न विचारावयास हवा होता : ही नखे कशाने बसविली आहेत? तो प्रश्न मला सुचला नाही, कारण त्याच्या उत्तरावर काही अवलंबून असते हेच मला ठाऊक नव्हते.

वस्तुतः तो मला सुचावयास हवा होता. माझे बालपण गोव्यात, फोंड्याकडील एका कोंकणी बोलणाऱ्या घरात गेले. उन्हाळ्यात फणस फोडावयाचा झाला, की आजी प्रथम आपल्या हातांना व सुरीला खोबरेल लावी. आम्हा मुलांपैकी कोणाच्या बोटांना चीक लागलाच, तर ती आम्हांस नळाकडे धावू देत नसे. पाण्याने चीक सुटत नाही. तो अधिकच पसरतो आणि घासू लागल्यास कातडी लाल होते. ती आमच्या तळहातावर तेल ओतून ‘सवकास गो, सवकास!’ असे म्हणत राही, आणि थोड्या वेळाने तो चीक गोळा होऊन आपोआप सुटून येई. कासाराचेही तसेच. बांगडी चढविणारा तोच ती उतरवितो. घट्ट बसलेली असली तर हाताला साबण लावतो, बोटे जुळवून धरतो आणि ओढाताण न करता काढून घेतो. बांगड्या भरणे आणि उतरविणे ही त्याच्या लेखी एकाच कामाची दोन टोके आहेत. कृत्रिम नखांच्या बाबतीत मात्र पहिले टोक बाजारात झगझगीत दिव्यांखाली आहे आणि दुसरे मुलीला रात्री काळोखात एकटीने शोधावे लागते.

ही नखे मुळात काय असतात, हे समजले म्हणजे ती ओढून का काढू नयेत हेही समजते. पावडर आणि द्रव मिसळून घडविण्यात येणारे ॲक्रिलिकचे नख दंतवैद्याच्या कामातून आले आहे. 1950 च्या दशकात फिलाडेल्फियातील फ्रेड स्लॅक नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याने, स्वतःचे तुटलेले नख सांधण्यासाठी, दातांच्या कामातील ॲक्रिलिक वापरले, असे या व्यवसायाच्या इतिहासात सांगतात. कवळीचा गुलाबी भाग ज्या जातीच्या पदार्थाचा असतो, त्याच जातीचा हा पदार्थ. तो बोटावर ओला लावतात आणि रासायनिक क्रियेने तो तेथेच कठीण होतो. त्याने घट्ट धरावे म्हणून आधी खऱ्या नखाचा पृष्ठभाग कानशीने खरखरीत करून घेतात. आता आपले खरे नख म्हणजे केराटीन नावाच्या पदार्थाच्या पातळ थरांची एक चळत असते. ॲक्रिलिकची वरच्या थरावरील पकड, त्या थरांच्या आपापसांतील पकडीहून अनेकदा अधिक असते. मग जोराने उचकटल्यावर काय होणार? जुन्या भिंतीवरील चिकटलेला कागद खस्सकन ओढला, की त्याच्या पाठीला चुन्याचे पोपडे चिकटून येतात. तसे नखाचे वरचे थर कृत्रिम नखाबरोबर निघून येतात. त्या मुलीची तीन नखे पापुद्र्यासारखी का झाली, याचे उत्तर हे आहे.

नखे काढण्याची सुरक्षित रीत मी त्या प्रसंगानंतर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना विचारली आणि आमच्या गल्लीतील एका पार्लरवाल्या ताईंनाही विचारली. दोघींच्या सांगण्यात मला विरोध आढळला नाही. पुढे मे महिन्यात मी माहेरी गेले असता ती रीत प्रत्यक्ष वापरून पाहण्याचा योग आला. माझी भाची कॉलेजात जाते. तिच्या हातांवर तीन आठवड्यांपूर्वी बसविलेली ॲक्रिलिकची नखे होती आणि मुळाशी खरे नख वाढून मध्ये फट दिसू लागली होती. अशा फटीत पाणी राहते, आणि कधी कधी तेथे जंतू वाढून नखावर हिरवट डाग पडतो. तिचे एखादे बोट सुजले आहे का, ठणकते आहे का, नखाचा रंग बदलला आहे का, हे मी आधी पाहिले. यांतील काहीही असते तर आम्ही घरी हात न लावता डॉक्टरांकडे गेलो असतो. तसे काही नव्हते, म्हणून आम्ही दुपारी ओसरीवर सर्व साहित्य मांडून बसलो.

ओसरी आम्ही मुद्दाम निवडली आणि दुपारही मुद्दामच. या कामाचे मुख्य साधन ॲसिटोन. विद्यार्थ्यांनो, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनच्या संयुगांच्या धड्यात ज्याचे नाव प्रोपॅनोन म्हणून येते, तेच हे. ते 56 अंश सेल्सियसला उकळते, आणि साध्या हवेतही त्याची वाफ सतत निघत असते. ती वाफ पेट घेते. हवेच्या सुमारे दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातील निरांजन किंवा उदबत्ती यांच्याजवळ हे काम कदापि करू नये. दिवेलागणीच्या वेळी तर बाटली उघडूच नये. ॲसिटोन ऊन केल्याने काम लवकर होते असे कोणी सांगतात; पण ते शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ऊन करणे म्हणजे घराला आग लावण्याचीच तयारी. आम्ही ते तसेच, थंडच वापरले. वाटीही चिनीमातीची घेतली. थर्मोकोलची वाटी त्यात विरघळते, कित्येक प्लास्टिकेही विरघळतात, आणि टेबलाच्या पॉलिशवर सांडल्यास तेथे कायमचा डाग पडतो. आमच्या वहिनीने तिची शिसवी पेटी उचलून आत नेली ती उगाच नव्हे.

प्रथम भाचीने नखांची जादा लांबी साध्या नेलकटरने थोडी थोडी करून कापली. मग मी कानशीने त्यांवरील चकाकणारा थर घासून काढला. तो थर राहिला तर ॲसिटोन आत शिरत नाही. घासताना खऱ्या नखापर्यंत पोहोचावयाचे नसते. चकाकी जाऊन वर पांढुरके, मातकट दिसू लागले की थांबावे. या भुकटीने शिंका येतात आणि ती श्वासात जाणे बरे नाही, म्हणून आम्ही तोंडाला रुमाल बांधले. शेजारच्या काकींनी कुंपणावरून ‘आता हे काय नवीन?’ म्हणून विचारले, आणि भाचीला हसू आवरेना. विजेवर फिरणारी छोटी कानसही बाजारात मिळते. ती शिकलेल्या हातातच असावी. घरी तिचा उपयोग केल्यास क्षणात खरे नख झिजते आणि घर्षणाच्या उष्णतेने बोट भाजते.

नंतर नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोपडले. ॲसिटोन कातडीतील स्निग्धपणा शोषून घेते, त्याला हा अटकाव. कापसाचा नखाएवढाच लहान तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवला आणि बोटाचे टोक पोळ्या गुंडाळावयाच्या चंदेरी कागदात लपेटले. दोन्ही हात एकदम गुंडाळू नयेत. एक हात मोकळा असावा. दार उघडावे लागते, नाकावर माशी बसते, बाटली कलंडली तर सावरावी लागते. घड्याळ लावून आम्ही वीस मिनिटे थांबलो. वीस मिनिटे हा फार मोठा काळ वाटतो. पाचव्या मिनिटाला भाचीने ‘मावशी, एकदा बघू का?’ म्हणून विचारले, सातव्या मिनिटाला पुन्हा विचारले. उचकटून पाहण्याचा मोह नेमका येथे होतो.

कागद सोडला तेव्हा अंगठ्याचे व करंगळीचे ॲक्रिलिक भिजून मऊ झालेले होते. लाकडाच्या चपट्या काडीने मुळापासून टोकाकडे हळूच लोटताच ते गोळा होऊन निघाले. मधल्या तीन बोटांवर मात्र ते अद्याप घट्ट होते. अशा वेळी काडीवर जोर द्यावयाचा नाही. नवा कापूस भिजवून पुन्हा दहा मिनिटे बांधावयाचे. एक बोट तर आम्ही तीनदा बांधले. दोन्ही हातांना मिळून दीड तासाच्या वर वेळ लागला. शेवटी हात साबणाने धुतले, कोरडे केले, आणि नखांना व बोटांना भरपूर खोबरेल चोळले. बोटांची टोके काही वेळ पांढरी पडली होती, ती तासाभरात पूर्ववत झाली. नखे थोडी कोरडी व खरखरीत दिसत होती. पण दहाही शाबूत होती. वापरलेला कापूस आम्ही घरातील केराच्या डब्यात न टाकता बाहेर मोकळ्या जागी वाळू दिला.

सर्वच नखांना हा उपाय लागू पडत नाही, आणि म्हणूनच पहिला प्रश्न ‘कशाने बसविली?’ हा. नुसत्या चिकटपट्टीने अगर सौम्य गोंदाने लावलेली तयार नखे असतील, तर कोमट पाण्यात साबण आणि थोडे तेल घालून पंधरा-वीस मिनिटे हात बुडवून ठेवावेत. पुष्कळदा ती कडेने सुटू लागतात. बाजारातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली असतील तर मात्र ॲसिटोनच लागते. हा गोंद ओला असताना कापसाने टिपू नये; कापसाशी त्याची क्रिया होऊन एवढी उष्णता निर्माण होते की कातडी भाजते. दिव्याखाली धरून कठीण करतात त्या जेलचे दोन प्रकार आहेत. एक ॲसिटोनने भिजून सुटतो. दुसऱ्यातील रेणू दाट विणीच्या जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यात ॲसिटोन शिरत नाही, आणि तो कानशीनेच उतरवावा लागतो. दुसऱ्या प्रकारचे नख घरी काढण्याच्या भरीस पडू नये, पार्लरमध्येच जावे. अर्धा तास भिजवूनही वरचा थर जराही मऊ होत नसेल, तर तो याच जातीचा असावा असे समजून थांबावे. बाटलीही वाचून घ्यावी. ‘ॲसिटोनविरहित’ असे छापलेले रिमूव्हर रंग पुसण्यापुरते ठीक; ॲक्रिलिकपुढे त्याचे फारसे चालत नाही. आणि घरात रांगते मूल असेल, तर बाटली व वाटी यांवरून डोळा काढू नये. अमेरिकेत कृत्रिम नखे काढण्याच्या एका जातीच्या द्रवात पूर्वी ॲसिटोनऐवजी ॲसिटोनायट्राइल असे. ते पोटात गेल्यावर शरीरात त्याचे सायनाइड होते. दीड वर्षांहूनही लहान असलेल्या एका बालकाचा त्यामुळे मृत्यू झाल्याची हकीकत तेथील वैद्यकीय नियतकालिकात 1988 साली प्रसिद्ध झाली. ॲसिटोन तितके विषारी नाही. पण दोन्ही नावे कानाला सारखी लागतात, आणि मुलांना बाटल्यांचा भेद कळत नाही.

माझ्या या मतावर माझ्याच सहकाऱ्यांनी जे आक्षेप घेतले, ते मी येथे लपविणार नाही. एका ज्येष्ठ गुरुजींचे म्हणणे असे, की काढण्याची रीत शाळेने शिकविली म्हणजे घालण्यास संमती दिल्यासारखे होईल. मला हे पटत नाही. मुलगी नखे घालते ती लग्नात, आत्याच्या आग्रहाने, मैत्रिणीच्या हौसेने. ती घालण्यापूर्वी शाळेची संमती कोणी विचारीत नाही. शाळा या प्रकरणात येते ती केवळ काढण्याच्या वेळी, आणि त्या वेळी आपल्याजवळ दटावण्यापलीकडे काही नसावे, हे मला शाळेला शोभणारे वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘मुदत दिली की तीच सवय लागेल, चार दिवसांचे आठ होतील.’ होतीलही. एखादी मुलगी मुदतीचा गैरफायदा घेईल हे मी मान्य करते. तिची नखे आठ दिवस अधिक दिसली तर शिस्तीची हानी होईल. परंतु दुसरीचे नख मुळापासून उखडले गेले तर सहा महिने ती हानी तिच्या बोटावर राहील. या दोहोंत निवड करावयाची असेल तर मी पहिली हानी पत्करीन.

आक्षेप घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. ते मुळापासून टोकापर्यंत नवे येण्यास पाच-सहा महिने लागतात. झिजलेल्या नखावर कोणतेही तेल किंवा औषध चोळले तरी गेलेला थर परत येत नाही, कारण नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. वाढ होते ती मुळाशी, कातडीखाली. तोवर नख आखूड ठेवणे, तेलाने मऊ राखणे, भांडी घासताना हातमोजे घालणे, एवढेच हाती असते. कित्येक मुली पातळ झालेले नख लपविण्यासाठी त्यावर पुन्हा कृत्रिम नख बसवून घेतात, आणि मग ते चक्र थांबत नाही. बोटांना खाज सुटून पुरळ येत असेल तर ॲक्रिलिकच्या रसायनांची बाधा झाली असण्याचा संभव असतो. 2018 साली ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला होता. ही बाधा एकदा जडली की जन्मभर राहू शकते, आणि पुढे दात भरताना किंवा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत त्याच जातीचे पदार्थ वापरण्यास अडचण पडते. अशा मुलीने नवे नख तर बसवू नयेच, पण जुने काढण्यापूर्वीही वैद्यास बोटे दाखवावीत.

पालकांस माझे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. लग्नकार्यात मुलीच्या हौसेला रुकार देताना बसविण्याच्या खर्चात काढण्याचा खर्च आधीच धरावा; तो नंतर मागण्याची पाळी तिच्यावर आणू नये. आणि नखे कोणत्या पदार्थाची आहेत, हे पार्लरमध्येच एका चिठोऱ्यावर लिहून घ्यावे. दुकानदार औषधाची पावती देतो, तसे हेही मागावे. त्यांना नवल वाटेल, वाटू द्यावे. घरी काढावयाची झाल्यास घरातील मोठे कोणी शेजारी बसले पाहिजे. आई नसेल तर आत्या असावी, कोणी नसेल तर वडील असावेत. आपल्या लेकीच्या बोटाला चंदेरी कागद गुंडाळताना कोणा वडिलांना संकोच वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

विद्यार्थिनींनो, तुम्हांसही एक विनंती आहे. ‘उद्या काढून ये’ असे कोणी म्हटले, तर मान खाली घालून ‘होय बाई’ म्हणू नका. ‘बाई, ही ॲक्रिलिकची आहेत, रविवारपर्यंत वेळ द्या’, असे म्हणा. हे उद्धट बोलणे नाही. माझ्यापुरते मी सांगते, की मी ते ऐकून घेईन.

गेल्या वर्षी शिक्षकसभेत मी हा विषय मांडला. बराच वेळ चर्चा झाली, काही हास्यविनोदही झाला. शाळेत ॲसिटोनची बाटली ठेवावी ही माझी सूचना नामंजूर झाली, आणि आता विचार करता ती नामंजूर झाली हे बरेच झाले. तीस मुलांच्या वर्गाजवळ पेट घेणारा द्रव ठेवू नये. मात्र एवढे ठरले, की कृत्रिम नखे आढळल्यास मुलीस मधला रविवार धरून चार दिवसांची मुदत द्यावी, आणि तिच्याबरोबर घरी एक छापील कागद पाठवावा. तो कागद मी लिहिला, विज्ञानाच्या बाईंनी तपासला. त्यातील पहिले वाक्य ‘नखे ओढून काढू नयेत’ असे आहे, आणि ते ठळक अक्षरांत छापले आहे. ज्येष्ठ गुरुजींनी त्यात ‘तथापि ही नखे शाळेत वर्ज्य आहेत’ हे वाक्य शेवटी घालावयास लावले. त्यासही माझी हरकत नव्हती.

त्या मुलीने मार्चची परीक्षा दिली. तोवर अंगठ्यावरील नवे नख निम्म्यापर्यंत आले होते; पुढच्या भागावर ती पट्टी बांधून लिहीत असे. जूनमध्ये ती गुणपत्रिका नेण्यास शाळेत आली, तेव्हा मी तिला गुण विचारण्यापूर्वी हात दाखव म्हणाले. तिला वाटले, मी पुन्हा नखे तपासते आहे. सवयीने तिने दोन्ही हात पालथे करून पुढे धरले. अंगठ्याचे नख जवळजवळ पूर्ण भरले होते. टोकाशी जुन्या, पातळ नखाची एक बारीक पांढुरकी कड तेवढी उरली होती. ‘ही या आठवड्यात कापीन, बाई’, असे ती म्हणाली.